सांगलीत आईवडिलांसाठी घर: गावभाग, शामरावनगर की विश्रामबाग?

धागाकर्ता: बावधनी_कृष्णाकाठ

मंडळी, गेली अठरा वर्षं पुण्यात आहे. आईवडील सांगलीत, खणभागात भाड्याच्या घरात. बाबा 74, आई 69. मालकांनी वाडा बिल्डरला द्यायचं ठरवलंय, दिवाळीपर्यंत जागा मोकळी करा म्हणालेत. पुण्याला यायला दोघंही तयार नाहीत. आईचं कारण, "तुझ्या सातव्या मजल्यावरून खाली बघितलं की गरगरतं." बाबांना कारणही लागत नाही, नुसतं "नको".

तर सांगलीतच घर घ्यायचं आहे. पंचेचाळीसच्या आसपास बजेट. तीन जागा बघून आलोय:

एक, गावभागात बारा वर्षांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके. 32 सांगितलेत. गणपती मंदिर, भाजी, बाबांचे मित्र सगळं पायाखालचं.

दोन, शामरावनगरात दीड गुंठ्यावर बांधलेलं बैठं घर. 38. पुढे जास्वंद, मागे कढीपत्ता. आई तिथंच अर्धी विरघळली.

तीन, विश्रामबागेत आतल्या एका कॉलनीत आठ फ्लॅटची इमारत, पहिला मजला, लिफ्ट नाही, अठरा वर्षं जुनी. 46.

माझं मन पहिल्यावर आहे, खरं सांगतो. स्वस्तही आहे आणि आईबाबांचा गोतावळा तुटत नाही. पुराचं माहीत आहे, पण दुसरा मजला आहे ना? 2019 ला पाणी दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलं नव्हतं एवढं मालकाने छातीठोकपणे सांगितलं. जाणकारांनी डोळे उघडावेत.

प्रतिसाद

भडंगप्रेमी

रुमाल टाकून ठेवतो. आमच्या मेहुण्यालाही हेच हवंय.

गावभागकर

मालक खोटं बोलत नाहीत, पण पूर्ण सांगत नाहीत.

माझा जन्म गावभागातला. 2005 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी त्रेपन्न फुटांच्या पुढे पाणी गेलं होतं. त्या वेळी म्हातारी माणसं म्हणाली, आता आयुष्यात परत बघायला मिळायचं नाही. 2019 ला साडेसत्तावन्न झालं. मग 2021 ला पुन्हा चोपन्न-पंचावन्न. इशारा पातळी 40 आणि धोका पातळी 45, म्हणजे हिशोब तुम्हीच करा.

आम्ही 2019 ला दुसऱ्या मजल्यावरच होतो. घर कोरडं. पण मीटरबोर्ड तळमजल्यावर जिन्याखाली, तो पहिल्या दिवशीच बुडाला. पाण्याची मोटर त्याच्याच शेजारी. वरची टाकी दीड दिवसात संपली. खाली छातीच्या वर पाणी, वर प्यायला पाणी नाही. आमची आई पिपात पागोळ्यांचं पाणी धरत बसायची. तिसऱ्या दिवशी बोट आली तेव्हा वडिलांना खिडकीतून उतरवायला चार पोरं लागली. ते ऐंशीचे होते. बोटीत बसल्यावर त्यांनी काय विचारलं असेल? "कुलूप लावलंस का?"

पाणी उतरल्यावरचं तर विचारू नका. गाळ नुसता चिखल नसतो, त्याला तेलकट वास असतो. जिन्यात खालच्यांचा फ्रिज पाठीवर उताणा तरंगून येऊन अडकला होता, तो काढल्याशिवाय वर जाता येईना. वीज यायला आमच्या गल्लीत बारा दिवस लागले.

गावभाग सोडवत नाही हे मीच सांगतो, अजून तिथंच राहतो. पण मी 48 चा आहे. 74 च्या माणसासाठी आज नव्याने घेऊ नका. फारच घ्यायचं झालं तर एक बघा: मीटर आणि मोटर आता वर चढवलेत का. ज्या इमारतीने दोन पुरांनंतरही ते केलेलं नाही, तिथली माणसं बाकी काय करणार?

टवाळ_कोल्हापूरकर

एवढं पाणी पाणी करण्यापेक्षा कोल्हापुरात घर घ्या की.

गावभागकर

पंचगंगा काय कोरडी असते होय मालक?

टवाळ_कोल्हापूरकर

आमच्यात पाणी आलं तर तांबडा रस्सा समजून पितोय. चला, मी बसतो गप्प.

कृष्णेचा_पूत

खरा प्रश्न कोणी विचारत नाही. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पाणीपातळी 519.60 मीटर ठेवतात, ती आणखी वाढवायचं चाललंय. आणि कोयनेचे 105 टीएमसी...

भडंगप्रेमी

साहेब, अलमट्टीवर वेगळा धागा काढा. इथं यांना दिवाळीच्या आत घर घ्यायचंय.

सातबारा_वाचणारा

नगररचनेच्या कामात आयुष्य गेलं, आता घरी बसून लोकांचे उतारे बघतो. दोन मुद्दे.

आधी पूररेषा. नकाशावर दोन असतात. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा, निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा. तिथं बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यावं लागतं. तुमची जागा कशात येते हे एजंटला विचारू नका. महापालिकेच्या नगररचना विभागात सिटी सर्व्हे नंबर किंवा गट नंबर देऊन झोन दाखला मागा, पूररेषेचा उल्लेख करून मागा. गावभागातल्या त्या इमारतीची उद्या पुनर्बांधणी करायची वेळ आली तर काय बांधता येईल हे त्या दाखल्यावर ठरतं. 32 लाखांत मिळतंय त्याचं अर्धं कारण तिथं लिहिलेलं असेल.

पाणी नदीकडूनच येतं असंही नाही. आधी शेरीनाल्यासारख्या नाल्यांतून उलटं मागून फुगतं. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर या भागांत इशारा पातळीच्या आधीच लोक सामान उचलायला लागतात ते त्यामुळेच.

आता शामरावनगर. "दीड गुंठ्यावर बांधलेलं" हे शब्द वाचले आणि चहा बाजूला ठेवला. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. सांगलीत गुंठेवारी हा वेगळाच प्रांत आहे. शेतजमिनीचे एकेक-दोनदोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकले, ना बिनशेती, ना मंजूर लेआउट. तुकडेबंदी कायदा 1947 चा, तो मोडून झालेला हा व्यवहार. मग सरकारने 2001 मध्ये गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा केला, 2021 मध्ये दुरुस्ती करून 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना त्यात घेतलं. म्हणजे रस्ता आहे. पण तुमच्या घराने तो रस्ता चालून संपवलाय का, हे बघायचं.

सातबारा काढा. बहुतेक वीस-पंचवीस नावं एकाखाली एक सापडतील, आणि 'इतर हक्क' या रकान्यात तुकडेबंदीचा शेरा. विक्रेत्याकडे नियमितीकरणाचं प्रमाणपत्र मागा. प्रमाणपत्र. दुसरं काही नाही.

बावधनी_कृष्णाकाठ

सातबारा काका, दंडवत. आज फोन केला होता. ते म्हणतात "सगळं रेग्युलर झालंय, पावती आहे." व्हॉट्सॅपवर फोटो पाठवलाय. महापालिकेचा शिक्का आहे, रक्कम आहे, 2004 ची तारीख आहे.

सातबारा_वाचणारा

ती पैसे भरल्याची पावती. अर्ज केला, शुल्काचा हप्ता भरला, पुढे काय झालं ते त्या कागदावर कुठे आहे? सांगलीत अशा पावत्या लोकांनी लॅमिनेट करून देवघरात ठेवल्यात. दीड गुंठ्याच्या पुढचा रस्ता किती रुंद आहे तेही टेप लावून मोजा.

शामरावनगरची_सून

काकांनी कागदाचं सांगितलं, मी चपलांचं सांगते. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी मला दोन गोष्टी दिल्या, पाटल्या आणि गमबूट. थट्टा नाही. काळी माती, सखल भाग, पावसाचं पाणी जायला जे नैसर्गिक नाले होते त्यांवर घरं झाली. पूर नसला तरी साध्या पावसाने मोकळ्या प्लॉटमध्ये पाणी साठतं ते दिवाळीपर्यंत हलत नाही. डास, बेडूक, कधीमधी साप. काही गल्ल्यांत परिस्थिती सुधारलीय, रस्ते झालेत, हे मान्य. पण रस्ता उंच झाला की घर खड्ड्यात जातं. आमच्या दाराला पूर्वी तीन पायऱ्या चढाव्या लागायच्या, आता एक उतरावी लागते.

तुमच्या आईंना कढीपत्ता आवडला ना? त्यांना म्हणावं जुलैत येऊन बघा, कढीपत्त्याजवळ जाता येतं का.

(माणसं मात्र सोन्यासारखी आहेत. अडीअडचणीला गल्ली धावते. ते पण लिहायला हवं.)

भडंगप्रेमी

पाटल्या आणि गमबूट! वाचनखूण साठवली.

अनुराधा_वि

विश्रामबागेत अकरा वर्षं राहतेय, तुमच्यासारख्याच लहान इमारतीत. पूर हा विषय आमच्याकडे नाही. 2019 ला उलट आमच्या घरी नातेवाईकांची चौदा माणसं होती, खालच्या हॉलमध्ये गाद्याच गाद्या. मिरज जवळ, म्हणजे दवाखाने जवळ. या वयात हे भाजीपेक्षा महत्त्वाचं आहे. सकाळी कॉलेजच्या बाजूला फिरायला जाणारे पेन्शनर भरपूर. बाबांची गाठ तिथं पडेल.

पण आठ फ्लॅटची इमारत म्हणजे काय चीज आहे ते ऐका. आमच्यात मेंटेनन्स एका शंभर पानी वहीत लिहिला जातो. वही ज्याच्याकडे तो त्या वर्षीचा सेक्रेटरी. कोणीच घेत नाही, म्हणून गेली सहा वर्षं ती माझ्याकडे आहे. आठांपैकी दोघं बाहेरगावी, त्यांना गुगल पे करायला तीन फोन लागतात. एक जण म्हणतो माझं तळमजल्याचं घर, मी जिन्याचा दिवा का भरू? जिना रंगवायचा निर्णय 2022 पासून प्रलंबित आहे. मोठ्या सोसायटीत हे भांडण मॅनेजर भांडतो, इथं तुम्ही भांडता, आणि संध्याकाळी त्याच माणसाकडून विरजण मागता.

तरी मी हे सोडून मोठ्या ठिकाणी जाणार नाही. नवरा आजारी होता तेव्हा रात्री अडीचला समोरच्यांनी गाडी काढली, बनियनवर. जिन्याच्या दिव्याचे पैसे न देणारा तोच हा माणूस.

घ्यायच्या आधी तीन गोष्टी विचारा. गच्ची सामाईक आहे की कोणाच्या नावावर, पार्किंग कागदावर कोणाचं, आणि बोअरला एप्रिल-मेमध्ये पाणी असतं का.

सातबारा_वाचणारा

अनुराधाताईंच्या यादीत एक जोडतो. अठरा वर्षांची आठ फ्लॅटची इमारत म्हणजे ती बहुधा सोसायटी नाही, 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखालची असेल. सांगलीत अशा पुष्कळ. तिथं शेअर सर्टिफिकेट मागत बसाल तर मिळायचं नाही. इमारतीचं नोंदवलेलं घोषणापत्र असतं आणि प्रत्येक फ्लॅटचं अपार्टमेंट डीड. त्यात जमिनीतला तुमचा अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. आधीच्या प्रत्येक हस्तांतरात ते डीड झालंय का बघा. एका ठिकाणी साखळी तुटली की पुढे विकताना गळ्याशी येतं. गच्चीचं उत्तरही घोषणापत्रातच सापडेल.

बँकेतला_माणूस

कर्ज घेणार असाल तर थोडं. शामरावनगरच्या त्या घराला आमचा पॅनेलवरचा वकील प्रमाणपत्राशिवाय सर्च रिपोर्ट स्वच्छ देणार नाही. विषय संपला.

मुद्रांक: सांगली महापालिका हद्दीत 5 अधिक 1 असे 6 टक्के. पुण्यासारखा मेट्रोचा जादा टक्का इथं नाही. करारातली किंमत आणि रेडी रेकनरची म्हणजे सरकारी दराने येणारी किंमत यातली जास्त असेल तिच्यावर. नोंदणी शुल्क 1 टक्का, पण जास्तीत जास्त 30,000. सगळे खरेदीदार महिला असतील तर मुद्रांकात एक टक्का सूट. आईंच्या नावावर घ्यायचा विचार करताय का?

बावधनी_कृष्णाकाठ

केला होता. आईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर 69 व्या वर्षी तिला कर्ज कोण देणार, आणि माझं नाव घातलं की सूट जाणार.

बँकेतला_माणूस

सूनबाई नोकरी करतात का? सासू-सून दोघी खरेदीदार, कर्ज सूनबाईंच्या पगारावर. 44 लाखांना धरलं तर 2,64,000 ऐवजी 2,20,000. माझ्याकडे गेल्या वर्षी अशा चार फायली झाल्या. एकीत सासू-सुनेचं आधी बोलणं नव्हतं.

टवाळ_कोल्हापूरकर

आणि धागाकर्त्याचं नाव फक्त नळाच्या बिलावर. परत आलो, माफ करा.

चिंचबन

सगळे विश्रामबागेच्या बाजूने झुकलेत म्हणून उलटं बोलतो. मी वडिलांना 2020 ला हरिपूर रस्त्यावरून विश्रामबागेत आणलं, पुराच्याच धास्तीने. घर कोरडं, हवेशीर, दवाखाना दहा मिनिटांवर. सहा महिन्यांत वडील गप्प झाले. भांडायला कोणी नाही, उधारी मागायला कोणी नाही. पूर्वी घरापासून चौकापर्यंत जायला त्यांना पाऊण तास लागायचा, वाटेत अकरा जण भेटायचे. आता पाच मिनिटांत जाऊन यायचे आणि खुर्चीत बसायचे. बँकेतलं खातंसुद्धा मी सोयीसाठी जवळच्या शाखेत हलवलं होतं, ती माझी सगळ्यात मोठी चूक. पासबुक भरायला गावात जायचं एक निमित्त होतं, ते मी काढून घेतलं.

नंतर एक रिक्षावाला बांधला. सोमवार-गुरुवार, दहा ते एक. गणपतीला सोडायचं, नगरवाचनालयातून आणायचं. महिन्याचे पैसे मी देतो, वडिलांना वाटतं तो ओळखीने कमी घेतो. त्यानंतर माणूस पुन्हा बोलायला लागला.

घर घ्या विश्रामबागेत. रिक्षाचे पैसे हप्त्यात धरा.

गावभागकर

चिंचबन, हे वाचून दोन मिनिटं फोन बाजूला ठेवला. 2019 ला त्या वाचनालयाची भिजलेली पुस्तकं बघितली तेव्हाही असंच झालं होतं.

बावधनी_कृष्णाकाठ

खूप दिवसांनी आलो, क्षमस्व. सांगलीला दोन चकरा झाल्या.

शामरावनगर बाद. प्रमाणपत्र नाहीच. रस्ता टेप लावून मोजला, मालक म्हणाले "एवढं कोण मोजतंय?" आई परत येताना कढीपत्त्याची एक फांदी घेऊन आली.

गावभागातल्या इमारतीत जिन्याखाली गेलो. मीटर जुन्याच जागी. भिंतीवर नवा रंग होता, पण जिन्याच्या कठड्याच्या आतल्या बाजूला, जिथं ब्रश पोचत नाही, तिथं गाळाची तपकिरी रेघ स्पष्ट. माझ्या कपाळाच्या वर. बाबा खाली उभे होते, त्यांनी हात वर करून रेघेला बोट लावलं आणि काहीच न बोलता बाहेर गेले. पायरीवर बसून म्हणाले, "2005 ला मी पन्नाशीत होतो."

विश्रामबागेत बाबांनी फ्लॅट बघितलाच नाही धड. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याशी अर्धा तास बोलत बसले. त्याच्याकडून कळलेल्या बातम्या: बोअरला मेमध्ये एक दिवसाआड पाणी, तळमजल्याचे काका पार्किंगवरून भांडतात पण कॅरम चांगला खेळतात, वरच्यांची मुलगी नाटकात काम करते. मला तीन तारखांत वकिलाकडून एवढं मिळालं नव्हतं.

कागदात सातबारा काकांचं भाकीत खरं निघालं. इमारत अपार्टमेंट कायद्याखालचीच. 2011 च्या खरेदीत अपार्टमेंट डीड केलेलंच नाही, साधं खरेदीखत. विक्रेता म्हणाला "कोणी मागत नाही." मी काकांचा प्रतिसादच वाचून दाखवला. आता आधी तो स्वखर्चाने ते पुरं करून घेणार, मग आमचं खत. विसार दोन लाख दिलाय, हे सगळं विसारपावतीत लिहून. भाव 44 वर आला. घर आई आणि बायकोच्या नावावर. (आधी बोलणं करून.)

एक राहिलंय. आमच्या बेडरूमच्या छताला कोपऱ्यात ताटाएवढा ओलावा दिसतो. वर दुसऱ्या मजल्याची बाथरूम आहे. विक्रेता म्हणतो उन्हाळ्यात सुकतं.

अनुराधा_वि

उन्हाळ्यात सुकतं म्हणजे पावसाळ्यात येतं. वरच्यांची बाथरूमची फरशी फोडावी लागेल. खत व्हायच्या आधी वरच्या बाईंना गोडीत विचारून बघा, त्या कशा आहेत तेही कळेल. खर्च विक्रेत्याकडून कापा.

गावभागकर

रिक्षावाला हवा असेल तर आमच्या गल्लीतला आहे एक, बोलका आहे. बाबांना चालेल का बघा.

बावधनी_कृष्णाकाठ

चालेल काय, धावेल. नंबर खाजगी मेसेजमध्ये पाठवा. बाबांचा फक्त एक निरोप आहे तुमच्यासाठी: पावसाळ्यात रोज सकाळी आयर्विनला किती फूट झालं ते त्यांना कळवायचं, टीव्हीवरचं नको, पुलावर जाऊन बघितलेलं.

गावभागकर

कळवतो की. मी रोज जातोच.